आंडोरवर मारलेली फुली

बस भाऊ, नीट टेकून बस. एक प्रेमाची गोष्ट सांगतो तुला. गोड नाही, आधीच सांगून ठेवतो. पण खोटं काही घालणार नाही.

जळगावात हस्तीमल शेठचं कानाच्या मशीनचं दुकान. त्याचा पोरगा अर्हम. पाचवीपासून मामाकडं राजस्थानात वाढला. शिकून आला तसा बापानं त्याला आतल्या काचेच्या खोलीत बसवला, लोकांचे कान तपासायला. पोरगं सालस, हसलं की गालाला खळी. मराठी यायची, पण खान्देशी बोलणं म्हणशील, तर नुसतं अंदाजानं कळायचं, सुटा शब्द एक कळायचा नाही.

श्रावणातली दुपार. बाहेर भुरभुर, दुकानात लाइट गेलेली. तेवढ्यात दार ढकलून एक पोरगी आत शिरली. ओढणीचं टोक अडकलं दारात. हा सोडवायला उठला.

"काय पाहिजे?"

ती नुसती बघत राहिली. मोठे डोळे, केसांत पाण्याचे थेंब...

"काय... पाहिजे?"

"माले ऐकू कमी येस," ती म्हणली. "यस्टी चुकनी मन्ही. पाऊस शे ना बाहेर."

तिला फक्त आडोसा पाहिजे होता, भाऊ. आणि शिरली कुठं, तर कानाच्या दुकानात.

नाव ललिता. गाव यावलच्या वर, पार सातपुड्याच्या पायथ्याला. अंगणवाडीत मदतनीस. कानांत जुनी मशीनं, कुठल्याशा शिबिरात मिळालेली. त्यांना फिरवायचं चाक नाही. आवाज कमी-जास्त करायचा तो कॉम्प्युटरवरूनच. तेवढ्यात लाइट आली. अर्हम म्हणला, बसा, तपासून देतो.

तपासायची रीत अशी, की कार्डावर वीस शब्द. आपलं तोंड कार्डानं झाकायचं, शब्द बोलायचा, समोरच्यानं काय ऐकलं ते सांगायचं.

"तुम्ही तोंड कसाले झाकतस?"

"ओठ बघून ओळखाल म्हणून."

"मंग मी डोळा पाहसू."

झालं! अर्हमचे कान लाल. घसा खाकरून म्हणला, "मुलगा."

"आंडोर."

त्यानं फुली मारली.

"सगळे."

"बठ्ठा."

फुली. "कशाला"ला ती "कसाले" म्हणली, तिथंही फुली. बापाची शिस्तच होती— कार्डावरचा शब्द आला नाही की फुली, आणि पुढं काय ऐकू आलं ते लिहायचं. विसांत बारा फुल्या. पोराला वाईट वाटलं. त्यानं आवाज वाढवून दिला.

मग ती दर महिन्याला यायला लागली. यावलहून यस्टीनं, कधी डझनभर केळी घेऊन.

"आवाज कसा आहे आता?"

"कोन्हा? मशीनना का तुमना?"

"माझा... म्हणजे मशीनचा."

"मशीन चावस. तुमना नही चावस."

त्याला वाटलं, चेष्टा करते. हसला, लाजला, परत कार्ड काढलं. परत तेवढ्याच फुल्या. परत आवाज वाढवला. असं चार महिने चाललं, भाऊ. प्रेमानं चाललं.

पाचव्या महिन्यात ती आली नाही. सहाव्यात आली ती उजव्या कानावर हात ठेवूनच.

"उजवा गया मन्हा."

अर्हमनं दोनदा तपासलं. कान मेलेला. आता उरला डावा. त्यानं कार्ड उचललं. "मुलगा."

"आंडोर."

तो फुली मारायला गेला. दुकानात झाडलोट करणारी सुंदरबाई फरशी पुसत होती, ती खदखदून हसली. "शेठ, फुली कसानी? आंडोर म्हंजे पोऱ्याच ना! तुम्ही हस्तीमल शेठना आंडोर!"

पेन तिथंच थांबलं. त्यानं जुने कागद काढले, सुंदरबाईला एकेक शब्द विचारला. पहिल्या दिवशीच्या बारा फुल्यांतल्या अकरा चुकीच्या. पोरीला बऱ्यापैकी ऐकू येत होतं आणि हा तिच्या कानात महिनोन्‌महिने बोंब ठोकत होता.

डॉक्टर म्हणले, कान जाणारच होता की आवाजानं गेला, सांगता येत नाही. अर्हमनं मात्र आपल्यापुरतं ठरवून टाकलं. ललिताला एवढंच म्हणला, "डाव्याचा आवाज कमी करू." खरं सांगायची छाती झाली नाही.

कमी करणार कशावर? दुकानातला कॉम्प्युटर आठवड्यापूर्वी व्होल्टेजनं जळालेला. शेठनं नवा लॅपटॉप आणला, त्यात आधीपासूनच विंडोज टेन. मशीन आणि कॉम्प्युटर जोडायची एक डबी असते. लॅपटॉप तिला ओळखच देईना. कंपनी म्हणली, ते मॉडेल बंद झालं. तीन नवी मशीनं लावून बघितली. "पत्रा वाजस," ललिता म्हणली. जुनं मशीन तसंच घातलं तर डावाही जाणार. काढलं तर अंगणवाडीची पोरं ऐकू येत नाहीत, नोकरी जाणार.

अर्हमनं ठरवलं, टेन पुसायचं आणि जळालेल्या कॉम्प्युटरवर होतं ते जुनं सेव्हन टाकायचं.

"कोरा लॅपटॉप आहे, गाढवा! वॉरंटी जाईल!" शेठ ओरडला.

"जाऊ द्या, पप्पा."

धुळ्याला चार नंबरच्या गल्लीत रुपचंद नावाचा म्हातारा कारागीर. पारोळ्यावरून धक्के खात अर्हम गेला, त्याच्याकडून सेव्हनची सीडी आणली. तर लॅपटॉपला सीडीची फटच नाही! पेनड्राइव्हवर घेतलं. पडदा आला, पण माऊस हलेना, बटणं चालेनात. सेव्हन जुनं, त्याला ती नवी यूएसबी कळतच नव्हती.

ललिता रोज यस्टीनं येऊन शेजारीच बसायची. मशीन काढलेलं, त्यामुळं सगळं सामसूम. हा कागदावर लिहायचा, ती बोलायची.

त्यानं लिहिलं, "माऊस मेला."

"माऊस म्हंजे उंदीर ना? मंग मांजर आना."

तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. तिनं बघितलं.

तिसऱ्या दिवशी रुपचंदनं फोनवर सांगितलं तसं यूएसबीचं ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हमध्ये घातलं. सेव्हन बसलं. डबी लावली... हिरवा दिवा लागला. अर्हमनं डाव्याचा आवाज एकेक पायरी खाली आणला. तिच्या कपाळावरची आठी सुटत गेली.

मग त्यानं कार्ड तोंडापुढं धरलं. कार्डावर नव्हतं ते बोलला.

"चूक माझी होती. तुझा उजवा कान माझ्यामुळं गेला. आणि... माझं प्रेम आहे तुझ्यावर."

बाहेर रिक्षा वाजल्या, तेवढंच.

"काय ऐकलं... सांग."

"बठ्ठं ऐकू उनं," ती म्हणली. "पहिलं तर माले माहीत शे. सुंदरबाईनी तोंड कोठे झाकेल व्हतं त्या दिनले? ओठ पाह्यनात मी."

"मग... तीन दिवस इथं का बसलीस?"

ललितानं त्याच्या हातातलं कार्ड काढून टेबलावर पालथं ठेवलं.

"उजवा तुम्हले माफ नही करस. कधीच नही. डावाले काय वाटस, ते डावाले इचारा."

अर्हम उठला. खुर्चीला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला गेला, वाकला आणि हळूच विचारलं.

दोघांचा संसार आहे आता. भांडणात ती उजवा कान पुढं करते, मग हा दिवसभर जेवत नाही. डावाही दरसाल थोडा उतरतो, दोन महिन्यांनी आवाज बसवावा लागतो. तो लॅपटॉप म्हातारा झालाय, मध्येच काळा पडतो. रुपचंदही गेला. दुसऱ्या कशावर ती डबी चालत नाही.

म्हणून भाऊ, एक काम कर. तुझ्या घरात, हापिसात, माळ्यावर सेव्हनवाला जुना कॉम्प्युटर पडला असेल, तर भंगारवाल्याला देऊ नको. आधी मला सांग.