तुम्ही व्हा पुढे

इस्पितळाच्या तळघरात एकच मोठा सर्व्हर होता आणि त्याच्या पोटात अनेक आभासी संगणक बिऱ्हाड करून होते: नोंदणीचा, प्रयोगशाळेचा, अतिदक्षता विभागातल्या धोक्याच्या घंटेचा. सर्व्हर त्यांना आळीपाळीने क्षणभर चालवी. प्रत्येकाची समजूत मात्र अशी, की सगळं यंत्र आपल्या एकट्याचंच. हा संसार सांभाळणाऱ्या अभियंत्याला त्यात गूढ असं काही वाटत नसे.

त्या आठवड्यात घंटा उशिरा वाजू लागली. एरवी त्याने ही तक्रार सवडीने पाहिली असती. पण वर, खिडकीजवळच्या खाटेवर त्याची थोरली बहीण होती. तिचं हृदय अडखळलं आणि घंटा रेंगाळली, तर पुढचं सांगायला नको.

त्याने घंटेच्या संगणकाला प्रोसेसरच्या एका कोअरऐवजी, म्हणजे एका गाभ्याऐवजी, चार दिले. उशीर वाढला; चारही एकदम मोकळे होईपर्यंत तो संगणक ताटकळू लागला. नवशिक्यालाही न शोभणारी चूक. ती निस्तरताना त्याला दिसलं, की घंटेची पाळी कुणी हिरावत नव्हतं. पाळी आली, की तो संगणक आपणहून मागे सरत होता. प्रोग्राममध्ये तशी आज्ञा कुठेच नव्हती.

तो वर गेला. परिचारिकेने हळूच विचारलं, "तुमच्या ताई झोपेत सारखं 'तुम्ही व्हा पुढे' म्हणतात. कुणाला?"

त्याला हसू आलं. रांगेत आपली पाळी आली, की मागच्याला पुढे सोडायचं, ही ताईची जन्माची खोड. तिच्यापायी लहानपणी त्याने एकही सिनेमा सुरुवातीपासून पाहिला नव्हता.

परिचारिका हसली नाही. ती शेजारच्या खाटेवर नवी चादर घालत होती. सकाळी तिथे एक आजोबा होते.

आजोबा गेले ती वेळ आणि संगणक शेवटचा मागे सरला ती वेळ एकच निघाली. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणून एकीमुळे दुसरी घडत नाही. तो तळघरात उतरला.

त्याने एक कोअर फक्त घंटेसाठी राखून ठेवला आणि पाळी सोडण्याची सोयच बंद केली.

उशीर शून्यावर आला.

थोड्या वेळाने वरून फोन आला. चाचणीची घंटा लगेच वाजली, परिचारिकेने सांगितलं. ताईंचं पुटपुटणंही थांबलं होतं.

"झोप लागली का तिला?"

"नाही. उठून बसल्यात," ती म्हणाली. "चपला मागतायत."