तिसऱ्या हाकेला ओ

आमच्या घरात हाकेचे दोन कायदे होते. बाबांना हाक मारली की पहिल्याच हाकेला "ओ, आलो!" यायचं, मग ते बगीच्याच्या दुसऱ्या टोकाला का असेनात. आईला मात्र तीनदा हाक मारावी लागायची. समोर भाकरी थापत बसलेली असली तरी तीनदा. पहिल्या दोन हाका तिला ऐकू यायच्या, कधीकधी ती मान वर करून बघायचीसुद्धा, पण ओ द्यायची नाही.

"जे मानूस नसते ते दोनदाच बलावते," ती म्हणायची. "तिसरी हाक मानसाचीच."

धामणगाव रेल्वे या गावाजवळ तिचं माहेर. तिथे तिच्या घरी सगळ्यांनाच ही सवय होती. बाबा तिला यावरून आयुष्यभर चिडवत आले. "सुभद्रा, घराले आग लागली तं तीन खेपा सांगू काय तुले?" आणि आई म्हणायची, "सांगा नं. तुमचं काय जाते?"

मी अमरावतीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी पूर्वी ठासून सांगायचे. आताही सांगते, पण आवाज तितका चढत नाही.

बाबांचा मोर्शीजवळ संत्र्याचा बगीचा आहे. किसनराव म्हटलं की तिकडे कोणीही वाट दाखवेल. वर्षभर झाडांत राबणारा हा माणूस वर्षातून एकदा मात्र आम्हाला घेऊन चिखलदऱ्याला जायचाच. सकाळी घाट चढायचा, सगळे पॉइंट पायी फिरायचे, दिवस कलायच्या आत खाली उतरायचं. आईला वाटेवरचं प्रत्येक झुडूप खुणवायचं. बाबा पुढे, आई मागे कुठेतरी वाकलेली, आणि मधे मी, दोघांवर वैतागलेली. असंच आमचं फिरणं.

तिथे पंचबोल नावाचा पॉइंट आहे. कॉफीच्या बागेवरून पुढे गेलं की सागाच्या रानातून पायवाट निघते, ती कठड्यापाशी संपते. पुढे एकदम दरी. तिथे दिलेला आवाज पाच वेळा परत येतो म्हणतात. मी पुष्कळदा मोजायला गेले. तीन नीट ऐकू येतात, चौथा असतो की आपल्याला वाटतो ते सांगता येत नाही.

गेल्या भादव्यात आम्ही तिघं तिथे होतो. धुई अशी उतरलेली की कठडा हाताला लागल्यावरच कळायचा. मी कणसं भाजणाऱ्या बाईपाशी थांबले होते. आई तेरड्याची फुलं बघत कठड्याच्या बाजूने पुढे गेली. बाबांनी तिला हाक मारली. "सुभद्राऽऽ!" दरीने ती परत परत म्हटली. जरा थांबून दुसरी. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बगीच्यातला माल मागणारा व्यापारी होता, आंब्या बहाराची संत्री विकायचे दिवस होते, फोन घेणं भागच होतं. ते बोलत उभे राहिले. मी कणसं घेऊन आले, तेव्हाही ते बोलतच होते.

आई संध्याकाळी खाली सापडली.

तिसरी हाक मारली असती तर ती ओ देऊन मागे वळली असती, हे बाबांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. मी त्यांना समजावलं. ओल्या खडकावरून पाय सरकला, हाकेने घर्षण वाढत नाही बाबा, असंही एकदा म्हटलं. वर्गात शोभणारं वाक्य मी बापाच्या तोंडावर मारलं, याचं मला अजून वाईट वाटतं.  हळूहळू त्यांनी सगळंच सोडलं. जेवण ताटात तसंच राहायचं. बगीच्यात जाणं बंद झालं. गडीमाणसं विचारायला यायची आणि उभी राहून परत जायची. पुढचं एक वर्षही हा माणूस काढणार नाही, हे मला दिसत होतं. आई गेली होती, आता डोळ्यांदेखत बाबाही निघाले होते, आणि मला ते जाऊ द्यायचे नव्हते.

माझी मैत्रीण संध्या समुपदेशन करते. ती म्हणाली, "त्यांचं जे राहून गेलं ते एकदा करू दे. मन मोकळं होतं माणसाचं." मला ते पटलं. शास्त्रशुद्ध वाटलं. मीच बाबांना म्हटलं, "चला पंचबोलले. तिसरी हाक मारून या."

बाबांनी कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खरंच जाऊ म्हन्तं काय, बाई?"

बाबा मला 'बाई' म्हणायचे. रागिणीची 'रागे' करायची ती फक्त आई.

मार्गशीर्षातली स्वच्छ सकाळ होती. परतवाड्याला चहा घेतला, घाट चढलो. बाबा माझ्या शेजारच्या सीटवर नेहमीसारखे दरवाज्याची मूठ धरून बसले होते. पायवाटेवर सागाची वाळलेली पानं पडलेली, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. कठड्यापाशी कोणी नव्हतं. समोरचे डोंगर एकामागे एक उघडे दिसत होते. वाऱ्याचं नाव नव्हतं. मी बाबांची बाही धरून ठेवली. हे सगळं माझ्या डोक्यातून आलेलं होतं, पण त्या माणसाचा त्या कड्यावर काय भरवसा?

त्यांनी घसा साफ केला.

"सुभद्राऽऽ!"

दरीने नाव परत दिलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, मग ते विरलं.

"सुभद्राऽऽ!"

पुन्हा तसंच. रानात एक लावा पक्षी उडाला.

बाबा थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुई माय ओ देईन काय व, बाई?"

 मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच माहीत नव्हतं.

"सुभद्राऽऽ!"

ही हाक परत आली नाही.

मी वाट बघितली. आवाज डोंगरावर आपटला की परत येतो, त्याला दुसरा पर्याय नाही. तोच माणूस, तीच जागा, तीच दरी. पण आवाज गेला तो गेलाच, जसा कोणीतरी हातात घेऊन ठेवून दिला.

मग खालून आलं, "ओ."

ओरडून नाही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत देतात तितकंच.

माझ्या मुठीत बाबांची बाही होती. ती सुटली नाही, ते जागचे हललेही नाहीत, हे मी कुणापुढेही सांगेन. फक्त त्या बाहीतला हात एकदम सैल पडला, झोपलेल्या पोराचा पडतो तसा, आणि मग पुन्हा भरला.

"चाल, रागे," ते म्हणाले. "ऊन होऊन राह्यलं."

परतताना मी पुढे होते. मागची पावलं थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. वळून बघितलं तर बाबा एका झुडपापाशी वाकून पान चुरगाळत वास घेत होते. गाडीपाशी आलो, तर मागचं दार उघडून ते मागे बसले, आईच्या जागी. मी गाडी सुरू केली. 

घरी गेल्यावर ते जेवले. अर्धी भाकरी आणखी मागून घेतली.

पुढचे दिवस मी सुखात होते, हे लपवत नाही. बाबा हसायला लागले. फोनवर मला विचारायचे, काय रांधलं, डब्यात काय नेलं. रविवारी मी घरी गेले की माझ्या डोक्याला तेल लावून द्यायचे. चहा बशीत ओतून पिऊ लागले. पूर्वी ते संत्रं सालीसकट फाडायचे आणि शिरांसकट फोड तोंडात टाकायचे. आता एकेका फोडीवरची पांढरी शीर नखाने ओढून बाजूला ठेवायचे, मग अर्ध्या फोडी मला. संध्याला सांगितलं तर ती म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या सवयी मागच्या माणसाला लागतात गं. प्रेमच आहे ते." मला ते पुरेसं वाटलं. मला ते पुरेसं वाटायला हवं होतं.

मग एका दुपारी मी ओसरीवरून हाक मारली, "बाबा!"

ते आत तांदूळ निवडत होते. मला दारातून दिसत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

"बाबा!"

बोटं तांदळात फिरत राहिली.

तिसरी हाक मारायला मला धीर होईना. मारली.

"ओ," ते म्हणाले.

तरीही मी सवयीवर ढकललं. शेवटी शालिकराम, आमचा बगीचा बघणारा माणूस, हसत हसत मला म्हणाला, "रागिणीताई, बाबा आता लय मजाक करून राह्यले बाप्पा. कालच्या रोजी विचारलं, मालक, डिंक्या रोग लागलेल्या झाडायले काय करू? तं म्हन्ते, 'मले काय माईत त्यातलं? ह्यायले विचार.'"

शालिकराम हसला. मलाही हसावं लागलं. आई बाबांचं नाव कधी घ्यायची नाही. तिच्या तोंडी ते 'हे' होते. ह्यायले जेवाले वाढ. ह्यायले विचार.

त्या रात्री मला झोप नव्हती. बाबा परत मिळावेत म्हणून मी त्यांना तिथे नेलं होतं. समोरच्या खोलीत तो देह शांत घोरत होता, दोन्ही वेळ पोटभर जेवत होता, मला डोळे भरून बघत होता. आणि माझे बाबा कुठे होते?

रविवारी मी म्हटलं, "चला, फिरून येऊ चिखलदऱ्याले."

"कावून व? मले भेव लागते त्या दरीचं." पण आले. मागच्या सीटवर बसले. पंचबोलला पायवाटेच्या तोंडाशी एक दगडी बाक आहे, त्यावर थांबले. "मी काई कठड्यापाशी येत नाई. तू जाय, पाहून ये." त्यांनी मांडीवर रुमाल पसरला आणि पिशवीतून संत्रं काढलं.

मी एकटी पुढे गेले. ऊन होतं. धुईचा पत्ता नव्हता. खाली सागाचं रान तपकिरी, निश्चल.

मला वाटलं, ओ येऊ नये. मग वाटलं, यावी.

"बाबाऽऽ!"

हाक डोंगरापर्यंत पोहोचायच्या आत खालून आलं,

"ओ! आलो!"

एकाच हाकेला. हातातलं फावडं टाकून निघालेल्या माणसाचा आवाज. दमलेला, आणि इतका खूश. कोणी बोलावेल म्हणून तिथे उभाच असलेला.

"आलो व बाई, आलो!"

खाली पानं वाजायला लागली. चढावर, घाईघाईने.

मी कठडा घट्ट धरला. मागून, बाकावरून, शांतपणे शब्द आले.

"आता परत हाक नोको मारू, रागे."

मी वळले नाही.

"ते येतीन," ती म्हणाली. "मंग मले जा लागन."

पानं जवळ आली. थांबली. रस्ता सापडत नसावा. एका हाकेचा माग त्यांना तिथवरच पुरला होता. दुसरी मारली असती तर उरलेला चढ ते चढून आले असते, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

बराच वेळ खाली कोणीतरी पानांत इकडेतिकडे पावलं टाकत होतं. "बाई?" एकदा आलं. "कुठं हायेस व?" मग तेही नाही. ऊन कलायला लागलं.

मी बाकापाशी येऊन बसले. रुमालावर फोडी मांडून ठेवल्या होत्या, अर्ध्या माझ्या. मी एक तोंडात टाकली. तिला एकही शीर नव्हती.