अडलेलं बोट

दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात, उजवा हात गळ्यात अडकवून, ती पाण्याच्या बाटलीशी झटत होती. डाव्या हाताला जोर नाही, झाकण जाम. शेवटी तिने ते दातांत धरलं.

"दात तुटला तर पुन्हा उगवत नाही हं," शेजारून कुणीतरी म्हणालं. "हाताचं बरं असतं. तो सांधतो तरी."

तिने मान वळवली. निळ्या सदऱ्यातला एक उंच तरुण, चेहऱ्यावर हसू. तिचं डोकं आधीच तापलेलं.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"मग... उघडून देऊ का?"

"नको!"

ती तहानलेलीच आत गेली, खुर्चीत टेकली, आणि समोर येऊन बसला तो हाच. हाच तिचा फिजिओ. आली का पंचाईत!

ती आत्याच्या कारखान्यात रंगीत काचा कापून खिडक्या घडवायची. आत्या तिला लहानपणापासून 'ठिणगी' म्हणायची, ते काही उगाच नाही. एका खिडकीचं काम घाईने उरकताना निळी काच निसटली, तिने ती झेलायला हात पुढे केला, आणि तर्जनी आतल्या बाजूने खोलवर चिरली. शस्त्रक्रिया झाली. आता प्रश्न एकच होता – ते बोट पुन्हा वळेल का? काच कापायचं कटर तर्जनीच्या दाबावर चालतं. बोट वळलं नाही, तर हे काम कायमचं सुटलं.

"टाके निघाले, कातडी भरली," पुढच्या खेपेला ती फणकारली. "मग हे प्लास्टिकचं खोगीर अजून कशाला हातावर?"

त्याला समजावून सांगायचा भारी नाद. "एकाच कामाच्या पेशी एकत्र आल्या की त्यांची ऊती होते," तो म्हणाला. "कातडीचा वरचा थर म्हणजे अभिस्तर ऊती. तिच्या पेशी भराभर वाढतात, जखम झटकन झाकतात. घरात भांडण पेटलेलं असावं आणि कुणीतरी खिडकीचा पडदा ओढून घ्यावा, तसं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, सगळं आलबेल आहे."

"आणि घरात?"

"घरात कंडरा. स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी दोरी. स्नायू ओढतो, कंडरा ती ओढ हाडापर्यंत पोचवते, तेव्हा बोट वळतं. तिला रक्त मिळतं थोडं, म्हणून ती सावकाश भरते. घाई केलीत तर पुन्हा तुटेल."

"संपला तास, मास्तर?"

"संपला."

"मग वळवा. आणि हळू!"

त्याने तिचा हात आपल्या तळव्यावर घेतला, बोट अलगद वळवलं. तळवा उबदार होता. तिला त्याचाही राग आला... आणि त्याहून मोठा राग याचा, की हल्ली सोमवारीच ती बुधवारची वाट बघायला लागायची.

पुढे खोगीर उतरलं. बोट अर्धं वळलं – आणि तिथेच अडून बसलं. तो वळवायला जायचा, ती "आई गं!" म्हणायची, की त्याचा हात मागे. "राहू दे... आज एवढं पुरे."

मग एका बुधवारी त्याच्या जागी जाड चष्म्याच्या मोठ्या बाई बसलेल्या. त्या खात्याच्या प्रमुख.

"त्याने तुला माझ्याकडे सोपवलंय," त्या म्हणाल्या. "जखम भरताना आत व्रणाचे तंतू तयार होतात. ते कंडरेला चिकटलेत. ती सरकायला हवी, तर गोंदात रुतल्यासारखी झाली आहे. आता जोर लावायला हवा होता. त्याने लावला नाही."

"म्हणजे माझं बोट...?"

"प्रयत्न करू. नाहीच सुटलं, तर पुन्हा शस्त्रक्रिया."

ती ताडकन उठून बाहेर आली. तो व्हरांड्यातल्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

"पळपुटे! बोट अडवलंत, आणि आता बाईंच्या गळ्यात मारलंत?"

"हो."

"हो काय, हो? हळू हवं होतं तेव्हा हळू, ते कळलं मला. पण जोर लावायच्या वेळी तुमचा जोर कुठे शेण खायला गेला होता?"

"तुम्ही 'आई गं' म्हणायचात..."

"सगळेच म्हणतात!"

"सगळेच म्हणतात," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आणि मी थांबत नाही. तुम्ही म्हणालात की मात्र... पुढे हातच जात नाही. चूक माझी आहे. बाईंना मी सगळं खरं सांगितलं. ज्याला तुमचं दुखणं बघवत नाही, त्याने तुमच्यावर उपचार करू नयेत."

तिला समजलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, आणि ती आणखीच भडकली.

"हे सांगायची ही वेळ? मला माझं बोट हवंय! तुमच्या प्रेमाचं काय लोणचं घालू?" तिने बाकाकडे बोट दाखवलं. "इथेच बसायचं. दर बुधवारी. मी आत ओरडेन, ते ऐकायचं. कानावर हात ठेवायचे नाहीत."

तो बसला. दर बुधवारी.

आणि ती ओरडली! दाराबाहेरचे पेशंट एकमेकांकडे बघायचे. बाई मात्र ढिम्म. "ओरड. दुखल्याचा निरोप मेंदूला पोचवणं हे चेता ऊतीचं काम, बोट ओढणं हे स्नायूचं. दोघांना आपापलं काम करू दे. हं, अजून थोडं!" कधी बोट केसभर पुढे यायचं, कधी तेही नाही. घरी आत्यासमोर ती रडली, दोनदा तर भांडं आपटलं, पण व्यायाम चुकवला नाही.

असाच एक बुधवार. बाईंनी हात काढून घेतला. "आता तू. स्वतः."

तिने दात-ओठ खाल्ले. आत काहीतरी तटतटलं... सरकलं... आणि तर्जनीचं टोक तळव्याला टेकलं.

ती दार ढकलून बाहेर आली. तो उभाच होता, चेहरा पांढराफटक. तिने मूठ त्याच्या नाकासमोर धरली.

"बघा!"

त्याने पाहिलं. डोळे भरून आले.

"रडू नका. माझा राग अजून गेलेला नाही."

"कधी जाईल?"

"सांगता येत नाही."

"मग मी... थांबतो."

"थांबायचंच आहे. पण बाकावर नाही. आत्याकडे चला. ती माझ्याहून तापट आहे, आणि तुम्ही बोट अडवलंत हे तिला ठाऊक आहे. दुसरं मी आज सांगणार आहे."

"दुसरं काय?"

"कळत नसेल तर बसा इथेच!"

ती तरातरा निघाली. मागे त्याची पिशवी सांडल्याचा आवाज, मग धावती पावलं. तिने वळून पाहिलं नाही. जिन्याच्या वळणावर मात्र तिची पावलं जराशी – अगदी जराशीच – मंदावली.