मीठ न लागणारी चूल

बसा. दिवा जरा पुढे ओढा. आमटीला उकळी यायची आहे, तोवर सांगतो.

मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो तेव्हाची गोष्ट. आगगाडी सुरू होऊन बराच काळ लोटला होता आणि सुधारणाही तिच्याच डब्यातून उतरते अशी आमच्या शिकलेल्या मंडळींची समजूत होती. माझी बायको सुमती हिवतापातून उठली होती. उठली म्हणजे अंथरुणात बसू लागली, इतकंच. ताट पुढे आलं की तोंड फिरवी. वैद्य म्हणाले, "माझी औषधं संपली. आता ही जेवली तर जगेल. हवापालट करून पाहा."

रावसाहेब मिठागरांचे मालक. कळव्याच्या अंगाला खाडीत त्यांचं एक लहानसं बेट होतं, त्यावर बंगली. "खुशाल राहा महिनाभर," ते म्हणाले. "स्वयंपाकी मात्र तिथं टिकत नाही. तुमचं तुम्हीच रांधा. सोवळंही आयतंच सांभाळलं जाईल." आणि हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

बाजारात जाऊन मी तांदूळ, तूरडाळ, गूळ, आमसुलं, गोडं तेल आणि सुरणाचा एक गड्डा घेतला. वर मिठाची पुडी. होडीवाला नाथा सामान ठेवताना त्या पुडीकडे बघत राहिला.

"तात्या, मीठ कनाला घेतलाव? त्या चुलीला मीठ लागत नाय."

"का रे? मालकांनी चुलीलाही मिठागर लिहून दिलंय?"

नाथा हसला नाही. त्यानं वल्हं उचललं.

बेटावर खाजणाचा कुबट वास होता. ओहोटीला चिखलात खेकडे तुरतुरत आणि भरतीला पाणी थेट स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीशी येऊन हलकेच थपथप करी. पहिल्या दिवशी मी भात करपवला. आमटी इतकी पातळ झाली की तिच्यात आढं दिसत होतं. पहिला घास घेताना आठवलं, मीठ घालायचं राहिलं. पण मीठ होतं. अगदी बेताचं.

सुमतीनं एक घास खाल्ला. मग दुसरा.

"अहो, आमटीत काय घातलंत?"

"काहीच नाही. मीठसुद्धा नाही."

"पुरे चेष्टा. अजून वाढा."

मी पळी हातात धरून तसाच बसलो. आजारी पडल्यापासून तिनं 'वाढा' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आठवणीनं मीठ घातलं, तर आमटी दुप्पट खारट. मग घालायचं सोडलं. एकदा भर दुपारी लाकडं आणायला वळलो आणि मागे पळी पातेल्याच्या कडेवर दोनदा वाजली. चव घेतल्यावर बाया झटकतात, तशी. वळून पाहिलं. कोणी नाही. चुलीपासून मागच्या पायरीपर्यंत ओली पावलं होती. ती माझ्या डोळ्यांदेखत सुकली आणि जमिनीवर पांढरी खूण राहिली. बोट लावून जिभेला लावलं. मीठ.

होडी बोलवावी आणि पळावं, असं कोणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं. पण आत सुमती भाताचं शीत न शीत वेचून खात होती. जे कोणी होतं, ते माझ्या बायकोला जेवू घालत होतं.

नाथा भाजी घेऊन आला तेव्हा त्याला पायरीवरच अडवला. तो मान खाली घालून बोलला.

"बायजा ती. आमच्या आळीतली. रावसाहेब नि त्यांचे दोस्त हितं वनभोजनाला यायचे. कोलंबी, भाकरी... समदा तिच्या हातचा."

मी थक्क झालो. एका मास्तराला परजातीच्या पंगतीला बसला म्हणून वाळीत टाकलं, त्या सभेचे अध्यक्ष हेच रावसाहेब!

"उधानाची भरती आली, बांध फुटला," नाथा सांगू लागला. "होडीत जागा व्हती. पन तिकडं धक्क्यावर लोका जमलेली. हिला उतरवली तर इचारतील, ही कोन? मग तिला बोलले, टोप सांभाळ, होडी परत धाडतो."

"धाडली?"

"वल्ह्यावर मीच व्हतो, तात्या. मना परत जाव दिला नाय."

रविवारी दुपारी रावसाहेब स्वतः आले. रेशमी सोवळं नेसून पाटावर बसले. "वा! वहिनी सुधारल्या! आमच्या हवेचा गुण!" सुमती भिंतीला टेकून वारा घेत होती. मी वाढलं. मी आणि सुमती त्याच पातेल्यातलं आधी जेवलो होतो. आता राग गिळवेना.

"रावसाहेब, पूर्वी इथं कोण रांधत असे?"

"इथं? मी इथं पाण्याशिवाय कशाला तोंड लावलेलं नाही."

"बायजा नावाची..."

"कोण बायजा?" असं म्हणून त्यांनी घास घेतला.

जबडा थांबला. त्यांनी घास थुंकला, तांब्या तोंडाला लावला आणि पाणीही थुंकलं. ओठांवर बघता बघता मिठाचा पांढरा थर चढला. आत, रिकाम्या स्वयंपाकघरात, पळी दोनदा वाजली. मग अगदी हळू, ओल्या गळ्यातून...

"वाढू...?"

रावसाहेब सोवळ्यानिशी धक्क्यावर धावले. नाथा होडीत बसला होता, पण वल्ह्याला हात लावीना.

"आधी नाव घ्या तिचा, रावसाहेब. मोठ्यानं."

त्यांनी घेतलं नाही. भर चिखलातून, कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे गेले. दिवाळीच्या आत वारले. घरात पंचपक्वान्नं, आणि माणूस उपासमारीनं मेला. वैद्यांनी त्याला 'अरुची' असं गोंडस नाव दिलं.

आम्ही परतलो तेव्हा बायांनी सुमतीला धक्क्यावरच घेरलं. "अगं, कोणाच्या हातचं खाऊन एवढी भरलीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बायजाच्या," ती खणखणीत म्हणाली.

आम्हाला वाळीत टाकलं हे सांगायला नकोच. त्यासाठी नवे अध्यक्ष लगेच मिळाले; तो माल कधी महाग नव्हता. सुमती मात्र पुढे पुष्कळ जगली आणि पोटभर जेवली. आता ती नाही. मी एकटाच रांधतो. बेटावरून आल्यापासून या घरात मीठ आणलेलं नाही.

ऐकलंत? दोनदा वाजली. आमटी झाली.

चला, पान मांडतो. घास घेण्याआधी तिचं नाव घ्या, मोठ्यानं. चुलीपुढच्या पांढऱ्या पावलांवर पाय देऊ नका, ती तिची. दाराबाहेरची मोठी पावलं वेगळी, उपाशी माणसाची. एरवी ती अंगणात, तुळशीपलीकडेच उमटतात. पाहुणा जेवायला असला की मात्र जवळ सरकतात. मघाशी तुम्हाला दार उघडलं तेव्हा ती पायरीवर होती...

आता उंबऱ्यावर आहेत. अजून ओली.