वारा कुठून येते?

"ओ ताई... हे जरा काढता काय?"

डिसेंबरातली सकाळ, सात वाजत आलेले. मी दुकानासमोर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची शेकोटी पेटवून बसले होते आणि मोटरसायकलवरून उतरलेला एक उंच मुलगा हनुवटी वर करून माझ्यापुढे उभा होता. हेल्मेटचा पट्टा त्याला सुटत नव्हता. सुटणार कसा! बोटं पार लाकडासारखी झालेली.

मी उठून पट्टा सोडला. हेल्मेटमधून एक लालबुंद नाक, पाणावलेले डोळे आणि ओशाळलेलं हसू बाहेर आलं. शेकोटीवर हात धरायला तो वाकला, तर त्याच्या छातीतून खसखस असा आवाज आला.

"आत काय भरलं हाये?"

"पेपर. वाऱ्यासाठी." मग घाईघाईनं, "कालचा हाये. आजचा वाचल्याशिवाय नाही भरत मी."

मला हसू आवरेना. "अन मांगं डब्बा कायचा?"

"रक्ताचे नमुने. हिवरखेडहून निघतो, तेल्हाऱ्याचे घेतो अन अकोल्याच्या लॅबमधी पोचवतो. बर्फ ठेवा लागते त्याच्यात." तो हात चोळत म्हणाला, "मांगं बर्फ, समोर वारा... मधात मी!"

त्याचं नाव नागसेन. माझं प्रियदर्शनी. तेल्हाऱ्याच्या बसस्टँडसमोर आमचं सीट कव्हरचं दुकान आहे. दुकान माझ्या बाबांचं, डोमाजींचं. पण पावसाळा सरल्यापासून रेक्झिन शिवायच्या जड मशीनवर मी बसत होते. बाबांची पाठ धरते म्हणून. तेही अटीवर. "एक हिवाळा पाहतो," बाबा म्हणाले होते. "तुह्या शिलाईपायी गिऱ्हाईक तक्रार घेऊन वापस आलं, का मशीन कुलदीपले." कुलदीप माझा चुलतभाऊ, राहतो शेंदूरजनाघाटला. काम बरं करतो, पण ती मशीन मला हवी होती. लहानपणापासून हवी होती. तिचा आवाज ऐकत मी मोठी झाले आणि गल्ल्यावर बसून नुसतं 'या, बसा' म्हणायला मी जन्मले नाही, असं माझं ठाम मत आहे.

तर शिलाई. मी त्याची मोटरसायकल पाहिली आणि म्हटलं, "हॅन्डलले कव्हर शिवून देतो. बाहेरून रेक्झिन, आतून घोंगडी. हात आत घालून चालवा."

"क्लच दबन काय?"

"माप घेतल्यावर दबन. ठेवा हात."

त्यानं मुठी आवळल्या आणि मी खडूनं रेक्झिनवर त्यांचा आकार काढला. "ब्रेक दाबा. सोडा. अजून दाबा."

"किती खेप?"

"हात गरम होईपर्यंत," मी म्हटलं आणि माझेच कान गरम झाले. असलं काही मी गिऱ्हाइकांशी बोलत नाही हो!

अकोल्याहून परतताना तो कव्हर चढवून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थांबला. हात एकदम झकास, म्हणाला. "पन आता वारा छातीतून घुसून राहिला. जाकिटाच्या चैनीच्या फटीतून."

चेनमागे कापडाची पट्टी नसली की असंच होतं. मी छातीला बांधायचं एक जाड आवरण शिवलं. शिवण समोर कधी घ्यायची नाही, वारा नेमका टाक्यांतून शिरतो. बगलेत घ्यायची आणि पदर मागच्या बाजूला वळवायचा. माप घेताना मी टेप त्याच्या पाठीमागून फिरवला. "श्वास घ्या... सोडा." तो घ्यायचा, पण सोडायचाच नाही.

"सोडा न!"

"तुमी जवळ हाय न... ध्यानात नाही राहत."

त्या दिवसापासून त्यानं मला पुन्हा ताई म्हटलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

मग गुडघे झाले. मग मान... हेल्मेट आणि कॉलर यांच्या मधून पूर्णेच्या पुलावर जो वारा शिरतो, तो म्हणे थेट पाठीच्या कण्यातून उतरतो. हातमोजे बाहीच्या आत नाही, बाहीवरून घालायचे, हेही मीच शिकवलं. दहा-बारा दिवसांत मी त्याच्या सगळ्या फटी बुजवल्या. रोज मी विचारायची, "आता वारा कुठून येते?" आणि तो एवढा विचार करून उत्तर द्यायचा, जसा काही तोंडी परीक्षेला बसलाय. साडेसहापासून माझे कान रस्त्याकडे लागलेले असायचे. मला तो आवडायला लागला होता. सरळ सांगते, कशाला लपवू?

आणि एक दिवस तो म्हणाला, "कव्हर उसवलं."

उजव्या हाताचं. मी जागच्या जागी शिवून दिलं. तीन दिवसांनी डाव्या हाताचं. मग गुडघ्याचं. मग छातीचं आवरण, तेही बगलेतल्या शिवणीवर! मी धागा बदलला, टाका बारीक केला, रोज मशीनला तेल दिलं. माझ्या हातालाच काही झालंय की काय, असं वाटायला लागलं.

शेजारी चहाची टपरी जाईबाईंची. त्यांच्या नजरेतून बसस्टँडवरची माशीही सुटत नाही. "डोमाजी भाऊ," त्या दहा माणसांत म्हणाल्या, "पोरीच्या शिलाईत दम नाही वाटते. थो पोट्टा घडीघडी वापस येऊन राहिला."

बाबा उठून आत गेले आणि फोन लावला. "कुलदीप, सोमवारी ये बापा. मशीन सांभाळ."

मी रडले नाही. रडायला आलं, पण मी नागसेनचं ते छातीचं आवरण हातात घेतलं. तो सकाळी दुरुस्तीला ठेवून गेला होता. शेवटचंच काम असेल तर नीट करू, म्हटलं. उन्हात धरून शिवण पाहिली... आणि मी पाहतच राहिले. ताणानं तुटलेला धागा टोकाला पिंजतो. ही टोकं साफ होती. एकसारखी. माझा धागा तुटला नव्हता, कोणीतरी कापला होता!

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा छातीत पुन्हा पेपर खसखसत होता. मी शेकोटीजवळ बसूसुद्धा दिलं नाही.

"कशानं कापलं?"

तो एवढा दचकला की मला उत्तर कळलंच. "ब्लेडनं," तो हळूच म्हणाला.

"काहून?"

"सगळ्या फटी बंद केल्या तुमी. वारा कुठूनच येत नव्हता. मंग..." तो बुटाकडे पाहत म्हणाला, "मंग मी इथं थांबू कायले? कोनतं कारन सांगू?"

देवाशप्पथ म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, नाहीतर म्हटलं असतं. त्या क्षणी तो मला इतका आवडला की शेकोटीची गरज उरली नाही. आणि इतका राग आला की तिच्यातलीच जळती पऱ्हाटी उचलून मारावीशी वाटली.

"तुमच्या त्या कारनापायी माही मशीन चालली!" मी म्हटलं, आणि आवाज फाटला. "बाबांनं मले एक हिवाळा देला होता. शिलाई टिकत नाही म्हून सोमवारी कुलदीप येऊन राहिला. सगळं बसस्टँड म्हनते, पोरीच्या हातात दम नाही..."

त्याचा चेहरा उतरला. "मले मालूम नव्हतं. खरंच."

तो वळला. मला वाटलं, निघाला. पण तो गाडीकडे गेला नाही. गुडघ्यांवर माझी कव्हरं, गळ्यात माझी पट्टी, तशाच अवतारात तो दुकानाची पायरी चढला. बाबा आत चहा पीत होते.

"जयभीम काका. एक सांगाचं होतं. शिलाई उसवली नाही. मी कापली. चारही खेपा."

बाबांनी कप खाली ठेवला. "कायले?"

मी दारात थिजले. बाबांपुढे याचं उत्तर म्हणजे... तो काय बोलणार होता ते मला कळत होतं, आणि त्यालाही.

"काका, पोरीले पाहाले याचं म्हनलं त चार मान्सं घेऊन या लागते. माही तेवढी हिंमत नव्हती. उसवलेलं कव्हर घेऊन याले जमत होतं."

बाबांनी ते छातीचं आवरण उचललं, शाबूत बाजूची शिवण दोन्ही हातांनी धरली आणि ताकद लावून ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली.

"एका झटक्यात कापल्या गेलं काय?"

"नाही काका. पंधरा मिनटं लागले. बोट कापलं माहं."

"लागतीनच," बाबा म्हणाले. "दुहेरी टाका हाये." आणि मिशीखालून ते हसू लपवायला गेले, ते काही जमलं नाही. त्यांनी फोन उचलला. "कुलदीप, येऊ नको रे. नाही नाही, पोरगी हाये न मशीनवर. तिच्यापेक्षा चांगलं आपल्या दोघाले बी येत नाही."

मग नागसेनकडे वळून, "इथं सांगतलं तसं जाईबाईले बी सांगून ये. आवाज मोठा ठेव."

बिचारा गेला. टपरीपुढे उभा राहून त्यानं सगळं सांगितलं, ब्लेडसकट. अकोट गाडीचा कंडक्टरही ऐकायला थांबला. जाईबाईंनी त्याला फुकट चहा दिला, जो त्यांनी आजवर कोणालाच दिला नव्हता.

"रविवारी घरच्यायले घेऊन ये," बाबा दुकानातून ओरडले. "अन ब्लेड घरीच ठेव!"

तो गाडीजवळ आला तेव्हा मी तिथंच उभी होते. "सगळ्यायले सांगतलं," मी म्हटलं. "मले कोनी काही इचारलं नाही."

"इचारू?"

"थांबा. मी मशीन सोडनार नाही. लग्न झाल्यावर बी नाही."

"सोडा म्हनतो कोन?"

"हिवरखेडहून रोज इथं या लागन मले. असल्या थंडीत."

"मंग माह्या मांगं बसा. समोरचा सगळा वारा मी घेतो."

"मांगं डब्बा हाये."

त्यानं डब्याकडे पाहिलं. पेट्रोलच्या टाकीकडे पाहिलं. आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "डब्बा समोर ठेवतो. बर्फ बी मीच घेतो. तुमच्याकडे काहीच नाही येऊ देत... आता इचारू?"

"तुमी मले आवडता," मी म्हटलं. "हो म्हनून सांगतो. आता जा, नमुने गरम होतीन."

तो गेला. मी हात धुतले आणि मशीनवर जाऊन बसले. दोन सीट दुपारपर्यंत द्यायच्या होत्या.