सहा मिलिमीटर

"सही कर, अक्षता… माझी एवढी एकच इच्छा मान!"

वारज्याच्या त्या घरात जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रियेचं संमतिपत्र पडलं होतं आणि नीरजाताईंचे डोळे पाण्याने भरले होते. रविवारी स्थळाकडून निरोप आला होता: मुलगी समोरून उत्तम, पण बाजूने पाहिली की हनुवटी फार पुढे येते! कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अक्षताला त्यातलं निरीक्षण मान्य होतं, निष्कर्ष नव्हता. तरीही आईच्या अश्रूंपुढे हार मानून ती सर्जनला भेटून आली होती… एकोणतीस वर्षं ती दुसरं काय करत आली होती!

"दात नीट जुळतात, म्हणजे जबडा जागेवर आहे," ती शांतपणे म्हणाली. "नुसतं हाड घासलं, तर वरचं मांस लोंबण्याची भीती. म्हणून हनुवटीचं हाड आडवं कापायचं, सहा मिलिमीटर मागे सरकवायचं आणि पट्टी-स्क्रूने पक्कं करायचं. खालचा ओठ, हनुवटी काही आठवडे बधिर राहते. क्वचित कायमची."

"राहिली बधिर, तर काय बिघडतं गं? दिसायला तर…"

"काहीच नाही. तसाही तिथे कुणी हात लावलाय कुठे?"

नीरजाताईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"पाहुण्यांच्या मुलींच्या हनुवटीला हात लावून तू बोटांचा मुका घ्यायचीस. माझ्या वेळी मात्र नुसती कानशिलावर बोटं मोडायचीस. सात वर्षांची असताना लक्षात आलं माझ्या. आई, जिथे तुझा स्पर्श कधी पोचलाच नाही, ती जागा मी परक्यांच्या पसंतीसाठी बधिर करणार नाही!"

"अगं, ते हाड माझं आहे!" नीरजाताईंना हुंदका आवरेना. "सासूबाई मला म्हणायच्या, चेहरा आहे की नांगराचा फाळ! तुझ्याकडे हात नेला की तेच कानांत घुमायचं… मीच दिलं ना गं तुला हे!"

अक्षताने पेन उचललं. सहीच्या जागी तिने स्वच्छ अक्षरांत 'नकार' लिहिलं, खाली तारीख घातली.

"हाड तुझं घेतलं, आई. लाज घेणार नाही."

नीरजाताईंनी तो कागद जवळ ओढून वाचला. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "कळवते त्यांना… मुलगी बाजूनेही माझ्यावरच गेली आहे!"

आणि त्यांचा हात पुढे आला, हनुवटीला टेकला, तीच बोटं ओठांशी गेली… पुराव्यावाचून काहीही न मानणाऱ्या अक्षताला त्या बोटांची ऊब जाणवली, सहाच्या सहा मिलिमीटरांवर!