कोंबड्यांचा मामा

पोलादपूरच्या बाजारातून आम्ही मायलेकी परत निघालो होतो. पुढं दीप्ती स्कूटी चालवत होती, मागं मी, आणि हँडलला दोन्ही बाजूंनी कोंबड्या—पाय बांधून, उलट्या. खानावळीला रविवारच्या रश्श्याला लागतात. आमच्याकडं सगळे अशाच नेतात, त्यात विशेष काही नाही. आंबेनळी घाटाच्या बाजूनं धुकं उतरत होतं, पाऊस भुरभुरत होता, आणि रस्त्याच्या मधोमध एक पोरगा हात आडवा करून उभा राहिला.

दीप्तीनं करकचून ब्रेक मारला. मी तिच्या पाठीवर आपटले.

"मॅडम... या कोंबड्या अशा उलट्या का टांगल्यात?"

दीप्तीनं त्याच्याकडं खालून वर पाहिलं. "सुलट बसवल्या तर त्यांना हेल्मेट द्यावं लागेल ना."

तो हसला नाही. म्हणजे... हसला, पण ओठ दाबून. "त्यांचा श्वास कोंडतो हो. छातीवर सगळा भार येतो."

"तू कोण रे?" मी मागून डोकं काढलं. "कोंबड्यांचा मामा?"

"गुरांचा डॉक्टर. विनीत. कालच इथल्या दवाखान्यात रुजू झालोय."

"मग गुरं बघ. कोंबड्या बघायला मी हाय."

तरी मेल्यानं शेजारच्या दुकानातून रिकामा खोका आणला, एकेक कोंबडी सोडवून त्यात बसवली आणि खोका माझ्या मांडीवर ठेवला. दीप्ती सोडवायला मदत करत होती. दोन कोंबड्यांची सुतळी सोडायला त्या दोघांना दहा कोंबड्यांचा वेळ लागला. माझी साडी घाण झाली ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी हा खानावळीत जेवायला हजर! मी ताट वाढलं तर हात जोडून, डोळे मिटून बसला.

"काय रे, रश्श्यात माशी पडली काय?"

"नाही मावशी. आभार मानतोय."

"माझे?"

"देवाचे."

"रस्सा मी केलाय."

भाकऱ्यांच्या टोपल्यामागून दीप्ती फिसकन हसली. त्याचे कान लाल झाले. मग कळलं, पोरगा नगरकडचा, ख्रिस्ती. रविवारी महाडला चार घरं मिळून प्रार्थना करतात, तिकडं जातो.

"आणि कोंबडीचे आभार कोण मानणार?" दीप्तीनं विचारलं. शाळेत पोरांना शिकवते ना, प्रश्न विचारायची खोडच आहे तिला.

"तिचेही मानतो. तिचा जीव गेला, माझं पोट भरतंय."

"एवढी माया, तर खातोस कशाला?" मी म्हटलं.

"खायला मुभा आहे मावशी. छळायला नाही. जनावरं देवाची, आपण नुसते राखणदार. राखणदारानं मालकाची वस्तू कशी सांभाळली, हे शेवटी विचारलं जाणारच."

"आम्हा बौद्धांना कुणी विचारायला लागत नाय. समोरच्याला दुखतंय एवढं दिसलं तरी बास होतं. रोज सकाळी आम्ही साऱ्या जिवांचं भलं मागतो, ठाव हाय?"

"मग आये, त्या उलट्या कोंबड्या..."

"गप गो! भाकरी करपतेय बघ."

भाकरी करपत नव्हती. तिलाही ठाऊक होतं, त्यालाही. दोघं एकमेकांकडं बघून... जाऊ दे. आईनं काय काय लिहायचं!

त्यानंतर तो रोज येऊ लागला. छत्री रोज विसरून जायचा आणि रोज परत यायचा. दीप्ती त्याचंच टेबल तीन-तीनदा पुसायची. दाराशी कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं आलं, मग मांजरीसाठी दुसरं, मग माझी बरी परात गेली एका लंगड्या बकरीला. मी ओरडले की दोघं एकदम म्हणायची, "राहू दे ना!" एका सुरात. तेव्हाच मी ओळखलं. मी काय आंधळी आहे?

महाडच्या एका बँकेतल्या मुलाचं स्थळ माझ्या हातात होतं. चांगलं घर, आपली माणसं. ती मंडळी होकाराची वाट बघत होती. म्हणून एका दुपारी खानावळ रिकामी झाल्यावर मी विनीतला समोर बसवलं.

"हे बघ. माझी पोरगी धर्म बदलणार नाय."

"मी कधी म्हटलं बदलायला?"

"लग्न रजिस्टर होईल."

"चालेल."

"कुठलं लग्न?" दीप्ती आतून ओरडली. "मला कुणी विचारलंय का?"

विनीतची मान खाली गेली. दीड महिना ताटभर रस्सा चापला, पण मेल्यानं तिला अजून विचारलंच नव्हतं!

"रविवारी आईला घेऊन ये," मी म्हटलं. "जेवणाच्या आधी. पाहुण्यांसाठी जेवण झाकून ठेवायची माझी रीत नाय. आला नाहीस, तर संध्याकाळी महाडला होकार कळवीन. मग काहीएक ऐकून घेणार नाय."

"येतो, मावशी," तो म्हणाला. आणि जाताना छत्री विसरला.

रविवार उजाडला. वडे तळले, गावठी कोंबडीचा रस्सा केला. दीप्तीनं लिंबाच्या रंगाची नवी साडी नेसली. जेवणाची वेळ झाली आणि दारात एकटी बाई उभी. हातात पिशवी, कपाळ मोकळं, डोळे अगदी त्याचेच.

"मी विनीतची आई, मंजुळा. तो... उमरठला गेलाय. सकाळी फोन आला, कुणा हैबतीची म्हैस अडलीय म्हणे."

"आजच अडायचं होतं तिला?" मी कपाळावर हात मारला. "दुसरा कुणी डॉक्टर नाय काय?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणतो, आई, येशूनंच विचारलं होतं ना, विश्रांतीच्या दिवशी बैल खड्ड्यात पडला तर काढाल की नाही?"

"बैलाला काढ म्हणाला असेल! स्वतःच्या सोयरिकीला खड्ड्यात घाल म्हणाला होता का?"

मी दीप्तीला हाक मारली. उत्तर नाही. मागच्या दारी गेले तर स्कूटीही नाही!

वडे झाकले. होय, झाकले. विहीण झालेली नाही, होईल की नाही ते ठाऊक नाही, अशा बाईला रिक्षात घालून मी उमरठला निघाले. वाटभर मी बडबडत होते आणि मंजुळाबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "लहानपणी यानं खिशात कुत्र्याचं पिल्लू घालून चर्चला आणलं होतं. ऐन उपदेशात भुंकलं."

"मग?"

"मग काय... पाळकसाहेबांनी उपदेश आवरता घेतला. लोकांनी पिल्लाचे आभार मानले."

मला हसू आलं. मी ते गिळलं. त्या दिवशी हसायची माझी तयारी नव्हती.

हैबतीच्या गोठ्याशी पोचलो. म्हातारा बाहेर कंबर धरून बसला होता. मी आत शिरणार, तेवढ्यात कुडाआडून बोलणं कानावर आलं, म्हणून थांबले. चोरून ऐकायची सवय नाही मला. पाय चिखलात रुतला होता.

"आये चिडली असेल," दीप्ती म्हणत होती.

"तू जा ना मग. संध्याकाळपर्यंत वेळ आहे. सांग त्यांना..."

"आणि दोरी कोण ओढणार? हैबतीबाबांची कंबर?... पाय सापडला का?"

"सापडला. दुमडलाय. थांब... ती कळ देईल तेव्हाच ओढायचं. दीप्ती..."

"हं?"

"माझ्याशी लग्न करशील?"

"आत्ता विचारतोस? हात कुठं आहे तुझा!"

"अडकलाय. म्हणून तर विचारतोय... एरवी मी पळून जातो. छत्री टाकून."

आत म्हशीनं जोरात श्वास सोडला. कौलांवर पाऊस टपटपत होता. मग माझी पोरगी, जिच्या जिभेला कधी हाड नव्हतं, ती इतकी हळू बोलली की मला कान कुडाला लावावा लागला.

"तू हिला अशी टाकून वेळेवर जेवायला आला असतास ना... तर मीच नाही म्हटलं असतं."

आता सांगा. मी वेळेवर ये म्हणून बजावलं होतं. तो आला असता तर मी खुश, आणि पोरगी नाराज. म्हणजे तो हरला म्हणून जिंकला! असल्या पोरांपुढं आईनं करावं तरी काय?

तेवढ्यात म्हैस हंबरली. "ओढ!" विनीत ओरडला. दीप्ती ओढतेय की लाजतेय, काही कळेना. मग मी आत घुसले.

"अगो, भाकरी थापतेस काय? सरक!"

"आये!"

"मावशी, मी... ते..."

"तू तोंड बंद ठेव आणि हात चालव."

पदर खोचला, पाय भिंतीला लावला आणि दोरी धरली. म्हैस कळ देई तेव्हा ओढायचं, ती थांबली की थांबायचं. मध्येच दीप्ती माझ्या अंगावर पडली, लिंबाच्या साडीला हळद लागली की शेण, देव जाणे. शेवटी एकदम दोरी सैल झाली आणि आम्ही दोघी पाठीवर. समोर गवतावर रेडकू. काळं, ओलं, निपचित.

विनीतनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला. गवताच्या मुठीनं छाती चोळली. दीप्तीनं माझा हात धरला, लहानपणी इंजेक्शनला धरायची तसा. विनीतनं गवताची काडी रेडकाच्या नाकात फिरवली.

शिंकलं!

"मेलं, एवढा जीव टांगणीला लावून शिंकलं," मी म्हटलं, आणि डोळ्यांत शेण उडालं म्हणून पदरानं पुसले.

म्हैस मान वळवून पोराला चाटू लागली. विनीत तिथंच उभा, खांद्यापर्यंत माखलेला. दीप्तीकडं बघत होता, माझ्याकडं बघायची छाती नव्हती.

दाराशी मंजुळाबाई हात जोडून, डोळे मिटून उभ्या होत्या. ओठ हलत होते.

"आता कुणाचे आभार?" मी विचारलं. "परत देवाचेच काय? ओढलं मी!"

मंजुळाबाईंनी एक डोळा उघडला.

"तुमचेही मानले हो, विहीणबाई."

मी काही बोलणार होते. चांगलं तिखट सुचलंही होतं. पण दीप्तीनं तेवढ्यात विनीतचा तो माखलेला हात हातात घेतला, आणि दोघं मूर्खासारखी हसत सुटली.

"हात धुवा आधी," मी म्हटलं. "वडे गार झाले. आणि महाडला फोन करून मी काय सांगू? पोरगी म्हशीच्या साक्षीनं दिली म्हणून?"

आता बाजाराच्या दिवशी मी स्कूटीवर मागं बसते, मांडीवर डालगं घेऊन. कोंबड्या आत सुलट बसतात, माना बाहेर काढून रस्ता बघतात आणि आंबेनळीचं धुकं लागलं की माझ्या हातावर टोच मारतात. जावयाला दाखवलं, तर म्हणतो, "खुश आहेत, मावशी."

खुश असायला काय जातंय त्यांना. टोच मला बसतेय.